जेन्किन्स: टिक एकीकडे, परवानगी दुसरीकडे

आमच्या टीममध्ये बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) आणि डिप्लॉयमेंट (ते सर्व्हरवर चढवणं) माझ्याकडे आहे. तेवीस माणसं, दीडशेच्या आसपास जॉब (आपोआप चालणारी कामं), चार एजंट (ती कामं करणारी मशीन), एक कंट्रोलर (त्यांना काम वाटणारं मुख्य मशीन). हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे जेन्किन्स. ते मी सहा वर्षं रोज वापरते आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू 'बसवलं, छान वाटलं' अशा थाटाचा नाही. बिल्ड चालवायला पाचपैकी साडेचार. कुणी काय चालवायचं हे ठरवायला तीन, आणि तेही खाचाखोचा कळल्यावरचे. पहिल्या वर्षी विचारलं असतंत तर एकावर भागवलं असतं.

बिल्डचं आधी उरकते. गिटवर पुश झालं (कोडच्या साठ्यात नवा बदल चढला) की जॉब सुरू, जेन्किन्सफाइल (जॉबच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) कोडसोबत रेपोतच, म्हणजे त्याच साठ्यात, टेस्ट लाल झाली की मेसेज. एक एजंट मान टाकतो तेव्हा बाकीचे तीन काम ओढतात. प्लगिन (वरून जोडायच्या सोयी) अठराशेहून जास्त आहेत. मागाल ते मिळतं, फक्त ते शेवटचं कधी अपडेट झालंय ते बघून घ्या. याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती परवानगीच्या, टिक करायच्या चौकोनांबद्दल.

नवं जेन्किन्स उभं केलं की लॉगिन केलेला प्रत्येक जण सगळं करू शकतो. पाच माणसांत हे चालतं. माणसं वाढली की आपण मॅट्रिक्सकडे वळतो: आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यांत हक्क. रीड, बिल्ड, कॅन्सल, कॉन्फिगर, वर्कस्पेस... टिक करत जायचं. तेवीस माणसांचा तो तक्ता स्क्रीनवर मावत नाही. उजवीकडे सरकलं की आपण कुणाच्या ओळीत आहोत तेच विसरायला होतं. म्हणून मी रोल स्ट्रॅटेजी प्लगिन घेतलं. त्यात रोल बनवायचा, त्याला एक पॅटर्न द्यायचा, आणि ज्या जॉबचं नाव पॅटर्नमध्ये बसेल तिथे तो रोल लागू.

पेमेंटच्या डेव्हलपर मंडळींसाठी मी पॅटर्न लिहिला 'पेमेंट.*', म्हणजे 'पेमेंट'ने सुरू होणारं कुठलंही नाव. माझ्या मनात होते त्यांचे डेव्ह (कोड लिहितानाचे) आणि क्यूएचे (तपासणीचे) जॉब. पण प्रॉडक्शनच्या (ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरच्या) जॉबचं नावही 'पेमेंट-प्रॉड-डिप्लॉय'च होतं. पॅटर्नला माझ्या मनातलं काय कळणार? त्यात गंमत अशी की यादी इंग्रजी मुळाक्षरांनी लागते आणि पी नंतर क्यू येतो, म्हणजे प्रॉड आणि क्यूए अगदी खेटून. प्रत्येक ओळीच्या टोकाला बिल्ड सुरू करायचं छोटंसं चिन्ह असतं. जॉबला पॅरामीटर नसेल तर ते दाबल्यावर काही विचारणा नाही, थेट सुरू.

एका गुरुवारी दुपारी नव्या मुलाने ते दाबलं. एका ओळीने चुकून.

"मॅडम, क्यूएवर टाकतोय, पण लॉगमध्ये प्रॉडचं नाव का दिसतंय?"

मी उत्तर देत बसले नाही, आधी कॅन्सल केलं. इमेज (सर्व्हरवर चढवायचा गठ्ठा) तयार होत होती, सर्व्हरपर्यंत काही पोचलं नव्हतं. तो बिचारा पांढराफटक पडला होता, पण चूक त्याची नव्हती. दार मी उघडं ठेवलं होतं. त्या प्लगिनमध्ये पॅटर्नवर क्लिक केलं की त्यात कोणते जॉब बसतात त्याची यादी दिसते. मी ती एकदाही उघडली नव्हती. त्याच संध्याकाळी प्रॉडक्शनचे सगळे जॉब 'प्रॉड' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. पॅटर्न फोल्डरसकट पूर्ण नावाशी ताडला जातो, त्यामुळे 'पेमेंट.*' आता 'प्रॉड/पेमेंट'ला लागत नाही.

इथवरचं कुणालाही समजेल. खरी मेख कॉन्फिगरच्या टिकमध्ये आहे. नाव ऐकून वाटतं, जॉबची माहिती बदलणं, फार तर वेळापत्रक बदलणं. प्रत्यक्षात ज्याला जॉब बदलता येतो तो त्यात हवी ती शेल कमांड (मशीनला थेट दिलेला हुकूम) लिहू शकतो, आणि त्या जॉबला जे पासवर्ड दिसतात ते सगळे त्या कमांडला दिसतात. 'पण लॉगमध्ये तर चांदण्या येतात ना?' असं आमच्याकडेही एकाने विचारलं. म्हणून एक खोटा पासवर्ड ठेवून करून दाखवलं. सरळ छापला तर लॉगमध्ये चार चांदण्या. मग प्रत्येक अक्षरामागे एक मोकळी जागा घालून छापला, तर अख्खा पासवर्ड उघडा. जेन्किन्स लॉगमध्ये ती अक्षरं जशीच्या तशी सापडली तरच झाकतं. ती सोय चुकून सांडणाऱ्यासाठी आहे, मुद्दाम ओतणाऱ्यासाठी नाही. शिवाय कॉन्फिगर दिलं की रिप्लेही त्यासोबत येतं, म्हणजे पाइपलाइनची (पायऱ्यापायऱ्यांनी चालणाऱ्या जॉबची) स्क्रिप्ट तिथल्या तिथे बदलून पुन्हा चालवता येते.

मी सगळ्यांचं कॉन्फिगर काढलं आणि आठवडाभर खूश होते. मग लक्षात आलं की जेन्किन्सफाइल तर रेपोत आहे. मल्टीब्रांच जॉब असेल तर प्रत्येक ब्रांच (कोडची वेगळी शाखा) स्वतःची जेन्किन्सफाइल चालवते. म्हणजे ज्याला गिटवर पुश करता येतं त्याला कॉन्फिगरची गरजच नाही! आणि बिल्ड मुळात सिस्टमच्या नावाने चालतात, बटण दाबणाऱ्याच्या नाही. त्यामुळे डेव्हच्या पाइपलाइनमध्ये 'प्रॉडचा जॉब चालव' अशी एक ओळ घातली की माझा अख्खा तक्ता बाजूला. जुडगा माझ्या कमरेला आणि मागचं दार सताड उघडं.

शेवटी बसलेली घडी अशी. प्रॉडक्शनचे पासवर्ड फक्त 'प्रॉड' फोल्डरच्या क्रेडेन्शियलमध्ये (पासवर्ड ठेवायच्या जागेत); बाहेरच्या जॉबना ते दिसतच नाहीत. त्या फोल्डरच्या जेन्किन्सफाइल वेगळ्या रेपोत, मेन ब्रांचवर थेट पुश बंद. ऑथराइझ प्रोजेक्ट प्लगिन लावून बिल्डना सिस्टमऐवजी माणसाची ओळख दिली. आणि डिप्लॉयच्या आधी इनपुट स्टेप (कुणी होकार देईपर्यंत थांबणारी पायरी), त्यात सबमिटर, म्हणजे होकार देणारे, म्हणून तीन नावं. सबमिटर लिहायला विसरलात तर बिल्डचा हक्क असलेला कुणीही 'पुढे जा' दाबू शकतो. लिहिलं तरी अॅडमिनला ते बटण चालतंच. म्हणून मीही रोजच्या कामाला साध्या अकाउंटने लॉगिन होते.

एकदा मी स्वतःच बाहेर अडकले तेही सांगते. जेन्किन्सचे आपले युजर सोडून एलडॅपवर (ऑफिसच्या सामायिक लॉगिन यादीवर) गेले, आणि तिथे माझं युजरनेम वेगळं निघालं. मॅट्रिक्समधला अॅडमिन जुन्या नावाचा, त्या नावाचं माणूसच उरलं नाही. उपाय आहे: सर्व्हरवर कॉन्फिग डॉट एक्सएमएल उघडायची, यूज-सिक्युरिटी ट्रू आहे ते फॉल्स करायचं, रीस्टार्ट. पण तेवढा वेळ येईल तो अॅडमिन असतो, म्हणून आधी पोर्ट बाहेरून बंद करा. मी ते आठवायच्या आधीच रीस्टार्ट केलं होतं. चार मिनिटं, पण घाम फुटला.

आणि 'नुसतं रीड आहे, काय बिघडतं' म्हणणाऱ्यांसाठी: जानेवारी २०२४ मध्ये जेन्किन्सच्या कमांड लाइनमधलं सुरक्षेतलं एक भोक जाहीर झालं, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-२३८९७. ओव्हरऑल रीड (जेन्किन्स नुसतं बघायचा हक्क) असलेल्याला कंट्रोलरवरच्या फाइली पूर्ण वाचता येत होत्या, नसलेल्याला पहिल्या काही ओळी. २.४४२ आणि एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) २.४२६.३ मध्ये ते बुजवलं. आमच्या भिंतीवरच्या टीव्हीवर बिल्डचे लाल-हिरवे ठिपके दिसावेत म्हणून मी अनॉनिमसला (लॉगिन न केलेल्या कुणालाही) रीड देऊन ठेवलं होतं. त्या दुपारी आधी ती टिक काढली, मग अपग्रेड. टीव्ही दोन दिवस काळा होता. एकाने चौकशी केली, ती क्रिकेटच्या स्कोअरसाठी.

घ्यावं का? टीममध्ये एक तरी माणूस याच कामाचा असेल तर जरूर. फुकट आहे, स्वतःच्या सर्व्हरवर राहतं, आणि वाटेल तसं वाकतं. २०११ मध्ये हडसनचं नाव बदलून ते जेन्किन्स झालं, पण जुन्या घरातली 'सगळे आपलेच' ही वृत्ती मला अजून त्यात दिसते. कुणाला सांभाळायला वेळ नसेल तर गिटलॅबसारखं काही बघा. तिथे डेव्हलपर, मेंटेनर अशा ठरावीक पायऱ्या आहेत आणि कोड नि जॉब एकाच कुलपात. बारीक कोरीवकाम कमी, पण झोप बरी लागते.

साहेबांनी मध्यंतरी स्वतःसाठी अॅडमिन मागितलं होतं, 'असू दे, कधी लागलं तर'. मी त्यांना रीड दिलं. पाच महिने झाले, अजून कळलेलं नाही.