सोलर बॉक्स कुकर: वरण झकास, सर्व्हिसच्या नावाने शिमगा

साधा पेटीवाला सोलर कुकर, इंदूरच्याच एका दुकानातून घेतला, रामबागेत आमच्या गच्चीवर ठेवलाय. आधी चांगलं सांगते. तुरीचं वरण, भात, बटाटे, रताळी सगळं मस्त होतं, करपत नाही, खाली लागत नाही, सकाळी अकराला लावायचं नि मधेमधे पेटी उन्हाकडे फिरवायची, दीड-दोन तासांत वरण एकदम मऊ. डबे बाहेरून काळेच हवेत बरं का, चकचकीत स्टीलचे ठेवाल तर बसा वाट बघत. पोळी, फोडणी, तळण विसरा. आणि पावसाळ्यात पेटी सरळ माळ्यावर.

आता रड सुरू. झाकणाचं रबर कडक झालं की फटीतून वाफ जाते, मग दोन तासांचे तीन-चार होतात. दुकानदाराला विचारलं तर म्हणे ताई नवीनच घेऊन जा ना! काच, आरसा, रबर, सुटं काहीच मिळत नाही.

नि हे फक्त आमच्या दुकानदाराचं नाहीये हां, गरीब देशांना मिळणाऱ्या मदतीतही जगभर हेच चाललंय, वस्तू देतात, दुरुस्तीचं कोणी बघत नाही. सोलर कुकर काय नवीन आहे का, दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने १९५०च्या दशकातच काढला होता. आमच्या इंदूरच्या बरली या ग्रामीण, आदिवासी मुलींना शिकवणाऱ्या संस्थेत वोल्फगांग शेफलर या जर्मन माणसाच्या डिझाइनची उन्हावर स्वयंपाक करायची मोठी सोलर डिश आहे, आणि उत्तर आयर्लंडहून आलेल्या जिमी मॅकगिलिगन यांनी अशा चुली इथेच बनवल्या, इथल्याच लोकांना शिकवल्या. माझ्या मते परदेशी मदत अशी हवी, बिघडलं तर गावातलाच कोणीतरी पाना घेऊन येईल अशी.

बाकी मोठ्या लोकांचं बघा. २०१५ ला युनोमध्ये विकासाची १७ उद्दिष्टं ठरली, त्यातलं सातवं सगळ्यांना परवडणारी स्वच्छ ऊर्जा, मुदत २०३०. श्रीमंत देशांनी २००९ ला कोपनहेगनमध्ये कबूल केलं की २०२० पर्यंत गरीब देशांना हवामान बदलाशी लढायला वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, तो आकडा गाठला २०२२ मध्ये, त्यातही बराचसा पैसा कर्ज म्हणूनच. वर प्रोजेक्ट म्हटलं की उद्घाटनाला, रिपोर्टला पैसा निघतो, पाच वर्षांनी रबर कोण बदलणार ते कुठल्या बजेटमध्ये बसतं सांगा?

असो. पाचपैकी तीन स्टार, तेही वरणासाठी. घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी काच आणि रबर सुटं मिळतं का ते विचारा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.