छिंगपिंग बाजारातली डांगग्वेई: मोडून, हुंगून घेतलेली मुळी

पहिल्यांदा मी रंगाला भुलले. घरबसल्या मागवलेलं पाकीट फोडलं, तर आत डांगग्वेईचे, म्हणजे सुपात आणि चिनी औषधात घालतात त्या मुळीचे, पांढरेशुभ्र, एकसारखे काप. काय स्वच्छ माल आहे, असं वाटलं. नाकाशी नेले आणि आंबूस भपकारा थेट घशात गेला, ठसकाच लागला. सुपात घातले तर सूपही आंबटलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने दोन काप बोटांत चुरून पाहिले आणि म्हणाली, "गंधकाची धुरी दिलीय याला. टाकून दे, आणि छिंगपिंगला जा."

गंधकाने मुळी पांढरी दिसते आणि कीड लागत नाही, म्हणून काही जण ही धुरी बेसुमार देतात. चीनच्या औषधकोशात बहुतेक वनौषधींसाठी धुरीतून उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या अवशेषाला किलोमागे 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण घरी ते मोजणार कसं? समोर मुळी मोडून दाखवणारं दुकानच हवं.

छिंगपिंग बाजार ग्वांगझू शहराच्या लीवान भागात, शामियान बेटाच्या समोर. तोंडाशीच वाळवलेली संत्र्याची सालं, अळंबी, समुद्री घोडे यांची पोती. मी जाते ते दुकान आतल्या गल्लीत आहे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. चालवणाऱ्या बाईंना सगळे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणते, आणि म्हणताना दर वेळी बरं वाटतं.

डांगग्वेई मागितली तर आयींनी आधी काप दाखवलेच नाहीत. गान्सू प्रांतातल्या मिनश्येनहून आलेली अख्खी मुळी काढली, वर जाड डोकं, खाली पाच-सात शेपट्या. मोडून माझ्या हातात दिली. आत पिवळसर पांढरा गर, कडेने तपकिरी कडं, आणि सालीच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे बारीक तपकिरी ठिपके. "या ठिपक्यांत तेल असतं," त्या म्हणाल्या. बोट फिरवलं तर खरंच तेलकट लागलं. वास गोडसर, उग्र, सेलरीच्या जवळचा. मला तर ओव्याचा डबा उघडल्यासारखं झालं. ओवा, कोथिंबीर, गाजर आणि ही मुळी, सगळी एकाच कुळातली. कोरडी, लाकडासारखी किंवा आतून हिरवट तपकिरी मुळी औषधाला चालत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. झाडाला तुरा आला की मुळी अशी लाकडी होते. म्हणून मिनश्येनचे शेतकरी पहिल्या वर्षी रोपं करतात, हिवाळाभर ती काढून जपून ठेवतात, दुसऱ्या वसंतात पुन्हा लावतात आणि तुरा येऊ न देता शरदात मुळ्या खणतात. मग जुड्या बांधून धुरावर सावकाश वाळवतात. एवढी मेहनत कळल्यावर काप चाळवतानाही माझा हात हळू पडायला लागला.

मुळीचं डोकं, धड आणि शेपट्या वेगवेगळ्या मिळतात. जुन्या वैद्यांच्या मते धड रक्ताचं पोषण करतं, शेपट्या साकळलेलं रक्त हलवतात. मी डोक्याचे काप घेतले, 100 ग्रॅमचे 32 युआन. शेपट्या बऱ्याच स्वस्त आहेत, पण सुपात त्यांचा चोथा फार होतो.

मात्र या दुकानाला मी पूर्ण गुण देते ते एका प्रश्नासाठी. पैसे द्यायच्या आधी आयींनी विचारलं, "खाणार कोण?" मी म्हटलं, मी आणि माझा नवरा. "औषधं कोणती चालू आहेत?" नवऱ्याच्या हृदयाची झडप बदललेली आहे, तो वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेतो. ते ऐकताच त्यांनी पिशवी मागे ओढली. डांगग्वेईने वॉरफरिनचा जोर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. त्याला चमचाभरही द्यायची नाही, असं बजावलं, आणि कबूल करून घेतल्यावरच पिशवी पुढे केली. पाळी अंगावर जास्त जात असेल किंवा दिवस गेले असतील तर वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नकोस, हेही सांगितलं. घरपोच पाकिटावर यातला एक शब्द नव्हता.

कृतीही त्यांचीच: अर्धा किलो बोकडाचं मटण, बोटभर आल्याच्या दोन कांड्या, 10 ग्रॅम डांगग्वेई, मंद आचेवर दीड तास. हान राजवटीच्या काळातल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या नावावर हे सूप सांगतात. कडवट गोड चव आधी जिभेवर येते, मग आलं जाणवतं, आणि पोटात ऊब पसरते. थंडीतल्या त्या वाटीसाठी मी आठवडाभर वाट बघते.

तक्रार एकच, बांधून देण्याची. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात. मार्च-एप्रिलमध्ये इथे भिंतींना पाणी सुटतं, तेव्हा माझे उरलेले काप मऊ पडले आणि दोन-चारांना बुरशी धरली. तेलकट मुळी दमट हवेत टिकत नाही. दुकानातच घट्ट झाकणाची बरणी मिळाली तर मी चार युआन जास्त देईन. आता घरी आणल्या आणल्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवते.

रविवारी आमच्याकडे दोन भांडी चढतात. नवऱ्याच्या भांड्यात मटण आणि आलं, एवढंच. त्याचा डाव वेगळा, वाटीही वेगळी, आणि वाढायचं आधी त्याला.