कापसाचा बोळा, फोम आणि फिल्टरवाले प्लग : डीजेवाल्यानं कानात काय घालावं

कराडच्या बाजूला आमचा साऊंड आहे. हळद, वरात, वाढदिवस, जावळ याला छोटा सेट, गणपतीत मोठा. नवीन पोरं कंट्रोलर (गाणी वाजवायचं-मिसळायचं मशीन) कुठला घ्यावा ते विचारतात, टॉप म्हणजे वरचे स्पीकर कुठले विचारतात, कानात काय घालू असं फार थोडे विचारतात. त्या थोड्यांसाठी हे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कंट्रोलरवर उभं राहणाऱ्यानं ईआर-२०एक्सएस नावाचे फिल्टरवाले प्लग घ्यावेत. जनरेटरवाला आणि बेसच्या स्पीकरपुढं चालणारी पोरं यांना पिवळे किंवा केशरी फोमचे. बारा महिने हाच धंदा करायचा असेल तर पुढंमागं कानाच्या मापाचे करून घ्यावेत. कापूस कुणीच घालू नये.

आमच्या लाईनीत जुने ऑपरेटर कापसाचाच बोळा कोंबतात. त्यानं कान झाकल्याचं समाधान मिळतं, बाकी फार काही नाही. आवाज कापसातून आरपार जातो, आणि बोळा सैल असला तर बाजूनंही शिरतो. मिरवणूक संपल्यावर हे लोक चहाच्या गाड्यावर एकमेकांशी ओरडून बोलत असतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

फोमचे प्लग स्वस्त आणि कामाचे. थ्रीएमचे ११०० नंबरचे केशरी मेडिकलवाल्याकडे नाही मिळाले तर हार्डवेअर-सेफ्टीच्या दुकानात मिळतात, एमआयडीसीतली कामगार मंडळी तेच वापरतात. पाकिटावर २९ डेसिबल लिहिलेलं असतं. पण तो आकडा प्रयोगशाळेतला, नीट घातल्यावरचा. आमची पोरं घालतात ती पद्धत म्हणजे प्लग कानाच्या तोंडाशी टेकवून अंगठ्यानं दाबायचा. तो अर्धा बाहेरच राहतो आणि मग म्हणतात, यानं काय होत नाही दादा.

बरोबर पद्धत अशी. प्लग दोन बोटांत वळून वातीएवढा बारीक करायचा. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वरच्या बाजूला धरून वर आणि मागं ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग वात आत सारायची आणि बोट तसंच टेकवून वीस-तीस सेकंद थांबायचं. आत तो फुगताना कळतो, बाहेरचा गलका हळूहळू लांब जातो. समोरून बघणाऱ्याला प्लग जवळजवळ दिसत नसेल तर तो नीट बसला.

मिरवणुकीत या पद्धतीची एक अडचण आहे, ती कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते. गुलाल. दुपारी तीनपासून बोटं गुलालानं लाल. त्याच बोटांनी फोम वळला की गुलाल थेट कानात. त्यामुळं आमच्याकडे नियम आहे, टेम्पोवर चढायच्या आधी, हात स्वच्छ असताना प्लग घालायचे. खिशात जास्तीची जोडी कोरड्या डबीत ठेवायची. मळलेला फोम धुवून परत वापरायचा नाही, दहा-पंधरा रुपयांसाठी कान चिघळून घेण्यात अर्थ नाही.

मग डीजेनंही फोमच का घालू नये? कारण फोम सगळा आवाज सारखा कमी करत नाही. टॉपचा, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज जास्त खातो, बेस त्या मानानं कमी खातो. मोकळ्या कानाची नळी पावणेतीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवून आत देते. फोम घातला की ती वाढ जाते, वरून टॉपही कापला जातो. हलगीची कडकड गेली, संबळाचा ठोका गेला, गाणाऱ्याचे शब्द गेले, राहिलं काय तर नुसती धबधब. अशा कानानं मिक्स करणारा माणूस काय करतो? टॉपचा नॉब वर सारतो. म्हणजे स्वतःचे कान वाचवायला प्लग घातले आणि पुढं नाचणाऱ्यांच्या कानांवर भार वाढवला. नाहीतर वैतागून एका कानातला काढून टाकतो.

ईआर-२०एक्सएस इथं कामाला येतात. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीचे हे प्लग, सिलिकॉनच्या एकावर एक तीन टोप्या आणि मधोमध बारीक वाट. त्या वाटेची रचना अशी की कानाच्या नळीची हरवलेली वाढ बऱ्यापैकी भरून निघते आणि आवाज सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखा उतरतो. मी एक हलगी-संबळाचा ट्रॅक लावून आधी मोकळ्या कानानं ऐकला, मग फोम घालून, मग हे घालून. फोममध्ये हलगी शेजारच्या गावात वाजत होती. यात ती समोरच होती, फक्त कुणीतरी मास्टर खाली ओढल्यासारखी. दोन गाण्यांचे ठोके जुळवायला, व्होकल कापायला काही अडचण येत नाही. पहिल्या हळदीला अर्धा तास विचित्र वाटतं, स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. नंतर सवय होते.

आकड्यांचा घोळ समजून घ्या, नाहीतर फसल्यासारखं वाटेल. नावात २० आहे, खोक्यावर १३. दोन्ही एकाच मालाचे. २० म्हणजे नीट बसल्यावर साधारण जेवढा आवाज उतरतो तो, आणि १३ हा अमेरिकन सरकारच्या सूत्रानं हात राखून काढलेला. मी हिशेब १३ नं करतो. फोनवरच्या ॲपनं माझ्या जागी, टेबलापाशी, हळदीत १०३ च्या आसपास येतं. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था सांगते की ८५ डेसिबलला आठ तास चालतील, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. १०३ ला साडेसात मिनिटं. म्हणजे नवरीला हळद लावायला पहिली काकू उठते न उठते तोवर माझा दिवसाचा कोटा संपला. १३ वजा केले की ९० उरतात, त्याला अडीच तास मिळतात. हळद बहुतेक तेवढ्यात आटोपते. वरातीला पुरत नाहीत, तिथं मधे टेम्पोवरून उतरून लांब जाऊन उभा राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कानाच्या तपासणीवाल्या मॅडमनी कागदावर आकडे मांडून दाखवली. समजा ३० डेसिबल कापणारा प्लग आहे आणि तुम्ही तो निम्मा वेळ काढून ठेवला. किती फायदा झाला? पंधरा नाही, फक्त तीन. कारण उघड्या कानानं काढलेला तो निम्मा वेळच सगळा मार देऊन जातो. हे कळल्यापासून फोमच्या २९ पेक्षा मला १३ वाल्याची किंमत जास्त वाटते, कारण हा मी काढतच नाही. “भाऊ, हे गाणं लाव” म्हणत कुणी कानाशी आला तरी काढत नाही. प्लगमधून तो जास्त चांगला ऐकू येतो, कारण त्याचा आवाज आणि साऊंडचा आवाज दोन्ही उतरतात आणि कान ठणाणत नाही. आधी मला हे पटत नव्हतं. घालून बघा.

हेडफोनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. एक्सएसचा देठ आखूड आहे, त्यामुळं वरून हेडफोन बसतो. पण हेडफोन म्हणजे कान झाकले असं समजणारे खूप आहेत. बाहेर १०३ वाजत असताना क्यू, म्हणजे पुढचं गाणं आधी फक्त हेडफोनमध्ये, ऐकायचा तर हेडफोन त्याच्या वर न्यावा लागतो, आणि तो थेट कानाच्या पडद्यापुढं वाजतो. प्लग घालून हेडफोन लावला तर बाहेरचा गोंगाट आधीच उतरलेला असतो, मग क्यू कमी आवाजात भागतो. ब्लूटूथचे नॉइज कॅन्सलिंग बड्स घालून टेम्पोवर उभे राहणारेही पाहिलेत. ते बसमध्ये आणि विमानात झोपायला ठीक आहेत. बहुतेकांवर किती डेसिबल कापतात याचं शिक्कामोर्तब नसतं, आणि बॅटरी संपली की नुसतं प्लास्टिक.

उणं काय? मला दोन हजारांच्या वर पडले, आणि वस्तू एवढीशी, हरवायला सोपी. बरोबर येणारी दोरी मानेत घालाच. फिल्टरची वाट बारीक, त्यात गुलाल बसला तर आवाज दबतो, म्हणून मिरवणुकीनंतर मऊ कोरड्या ब्रशनं झटकायचे आणि टोप्या पुसायच्या. आणि मोठ्या सेटच्या अगदी पुढ्यात हे पुरे पडत नाहीत. तिथं आवाजच एवढा असतो की १३ उतरून भागत नाही. बेसच्या भिंतीपुढं लेझर धरून चालणाऱ्या पोराला मी एक्सएस देणार नाही. त्याला फोम, आणि दर अर्ध्या तासानं बदली माणूस. बदली माणूस ठेवायला मालक कुरकुरतात, तो खर्च सुपारीत धरायला शिका.

मापाचे प्लग मी नंतर केले, पुण्यात. कानात आधी दोरा बांधलेला स्पंजचा तुकडा घालतात, मग पिचकारीनं गार पेस्ट भरतात, पाचेक मिनिटांत ती घट्ट होते. त्या साच्यावरून सिलिकॉनचा प्लग येतो आणि त्यात फिल्टर बसवतात. ९, १५ आणि २५ असे मिळतात, डीजेला १५ बरा, ड्रमवाले २५ घेतात. माझी पहिली जोडी उजव्या कानात सैल होती. जबडा हलवला, पान खाल्लं की बेस आत. दुकानदार आधी “सवय होईल” म्हणत होता. सवय होत नसते, साचा परत घ्यायला लावला, तेव्हा बसला. साचा देताना तोंड उघडमीट करून दाखवा, गाण्याचे शब्द म्हणून बघा. सगळं मिळून दहा हजारांच्या पुढं गेलं. आवाज एक्सएसपेक्षा स्वच्छ, पाच तास घातले तरी कान दुखत नाही. नवीन पोरानं मात्र यात पैसे घालू नयेत, त्यापेक्षा कानाची तपासणी करून घ्यावी.

ती तपासणी म्हणजे ऑडिओग्राम. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक टीं-टीं ऐकायचं आणि बटण दाबायचं. आवाजानं मार खाल्लेल्या कानाचा आलेख चार हजार हर्ट्झच्या आसपास खाली खचतो. माझा डावा खचलाय, मॉनिटर, म्हणजे माझ्याकडं तोंड केलेला स्पीकर, त्याच बाजूला असतो. तिथलं नुकसान साध्या बोलण्यात लवकर कळत नाही, कारण बोलण्याचा मोठा भाग त्याच्या खालच्या पट्टीत असतो. स, श, फ हे आवाज आधी पुसट होतात, लग्नाच्या मांडवात कोण काय म्हणतंय ते कळेनासं होतं. आतल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसाला परत येत नाहीत, औषध नाही. सुपारीहून आल्यावर रात्री उशीला कान लावला की शिट्टी वाजते, ती सकाळी थांबली म्हणजे सगळं भरून आलं असंही नाही.

पोलीस येतात ते शेजाऱ्यांसाठी. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, दहाला बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट, हे आम्हाला तोंडपाठ आहे. टेबलामागं उभ्या माणसाच्या कानाबद्दल त्यात ओळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही मर्यादा सुचवली आणि प्रेक्षकांना प्लग द्या असंही म्हटलं. आमच्याकडं मंडळानं प्लग वाटलेले मी अजून पाहिले नाहीत. मी मात्र टेम्पोत फोमचा एक डबा ठेवतो. आधी पोरं हसायची, “दादा, कान दुखतोय का?” आता स्वतःहून मागतात, विशेषतः विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणे येणार असतात तो.

मापाचे करायचे असतील तर पितृपक्ष गाठा. तेव्हा सुपाऱ्या नसतात, पण गणपतीनंतर कान थोडे शांत होऊ द्या, आठवडा गेल्यावर तपासणी करा आणि त्याच फेरीत साचा द्या. तयार होऊन यायला दिवस लागतात, नवरात्रात मिळतीलच असं धरून चालू नका. तोवर एक्सएस आहेतच.