बिडाचा तवा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून अकरा इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा घेतला. घरच्या काट्यावर वजन भरलं २ किलो ३०० ग्रॅम. आता जानेवारी संपत आला. या आठ महिन्यांत आठवड्यातून तीन-चार वेळा तरी हा तवा गॅसवर चढला असेल, आणि रविवारी तर चढलाच. घ्यायचा की नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. एकोणीस वर्षं झाली. बीड माझ्या हाताखालून रोज जातं, पण स्वयंपाकघरात मात्र तीस वर्षं बिडाचं भांडं नव्हतं. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी खरेदीबद्दल. दुकानात तवा एका बोटावर अडकवून नाण्यानं हलकेच वाजवायचा. अखंड असेल तर नाद येतो आणि थोडा वेळ टिकतो. केसाएवढीही चीर असेल तर ‘भद्द’ असा मेलेला आवाज येतो. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला, हातोडीचा टोला मारून आम्हीही हेच बघतो. मग पाठ बघायची. बारीक भोकं दिसली तर तो वायूचा दोष, तसा तवा परत ठेवायचा. काठावर कानस फिरवायला मिळाली तर उत्तम. कानस घसरत असेल तर काठ फार भरभर थंड झालेला आहे. तिथलं बीड पांढरं, काचेसारखं कडक होतं, आणि पातळ ओतकामात हा दोष लवकर येतो. मी सात तवे वाजवले तेव्हा एक पसंत पडला. दुकानदारानं शांतपणे वाजवू दिलं, त्याचे आभार.

नव्या तव्याचा पृष्ठभाग खरखरीत होता. मातीच्या साच्याचे कण जसेच्या तसे उमटलेले. जुने तवे गुळगुळीत वाटतात, कारण वर्षानुवर्षं त्यांच्यावर उलथणं फिरलेलं असतं. मी घरी बसून ८० नंबरचा पॉलिश पेपर मारला, मग १२०, मग २२०. दोन संध्याकाळी गेल्या. पाचवीतला धाकटा शेजारी बसून काळी पूड कागदावर गोळा करत होता. त्याला सांगितलं की या काळेपणात लोखंडाबरोबर ग्राफाइटही आहे, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं असतं तेच. त्यानं ती पूड बोटाला लावून वहीवर ओढली. रेघ उमटली, आणि पुढचा अर्धा तास त्याचे प्रश्न थांबले नाहीत. तवा घेतल्याचं पहिलं सुख मला त्या संध्याकाळी मिळालं.

त्यानंतर तवा मुरवणं. इथे माझी मोठी चूक झाली. जवसाचं तेल जाड चोपडलं आणि तापवलं. वर मधासारखा चिकट थर बसला, धूळ धरू लागला. सगळा घासून काढावा लागला. तेल लावायचं, आणि मग सुती फडक्यानं असं पुसायचं की तेल लावलेलंच नाही असं वाटावं. तेवढाच थर तापून घट्ट होतो आणि बिडाला धरून बसतो. धूर थांबेपर्यंत तापवायचं, पूर्ण निवू द्यायचं, पुन्हा तेच. मी पाच वेळा केलं. पुढे रोजच्या वापरात शेंगतेल लावत राहिलो, तेवढं पुरतं.

पहिल्या महिन्यात घावन एकही धड निघालं नाही. बायकोचं माहेर कणकवलीकडचं. तिच्या हाताला घावनाची सवय, पण ती पातळ नॉनस्टिकवर करायची. मी पीठ ओतलं की ते तव्याला धरून बसायचं. तिनं बघितलं आणि म्हणाली, “अहो, तवा तापलाच नाही अजून. पाण्याचा शिंतोडा मारा. थेंब नाचला पाहिजे.” खरंच होतं. नॉनस्टिक मिनिटभरात तयार होतो, पण बिडाला मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं द्यावी लागतात. ॲल्युमिनियमच्या मानानं बीड उष्णता फार सावकाश पुढे नेतं. आपला गॅसचा बर्नर लहान, त्यामुळे मधला भाग जळतो आणि काठ कच्चा राहतो. यावर उपाय म्हणजे आच मोठी करायची नाही, तवा तापताना दोन-तीनदा पाव-पाव वळण फिरवून घ्यायचा. एकदा सगळीकडून तापला की एवढ्या वजनात मुरलेली उष्णता टिकून राहते. गार पीठ ओतलं तरी तवा गार पडत नाही. शेवटचं घावन तर मी गॅस बंद करूनच करतो.

आता आमच्या रविवारची पद्धत ठरली आहे. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळून आणलेलं पीठ, मीठ, पाणी, बाकी काही नाही. पीठ ताकासारखं पातळ हवं. वांग्याच्या देठानं तेल फिरवायचं, पीठ काठाकडून आत ओतायचं. चर्र आवाज होऊन जाळी पडते. झाकण, मग दीड मिनिट. नवव्या महिन्याला लागताना सांगतो, शंभरातली पंचाण्णव घावनं अखंड निघतात. सोबत गूळ घातलेला नारळाचा रस, नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ. आंबोळी त्याहून सुंदर होते, कडा कुरकुरीत आणि मध्ये लोण्यासारखी. थालीपिठाला तर या तव्याशिवाय दुसरं काही लावू नये असं माझं ठाम मत झालं आहे. मध्ये बोटानं भोक पाडून तेल सोडलं आणि मंद आचेवर झाकण ठेवलं की जो खरपूस वास सुटतो, त्यानं थोरली अभ्यास सोडून बाहेर येते. ती दहावीला आहे. आठवडाभर आमच्यात “जेवलीस का” यापलीकडे बोलणं होत नाही. माझी दुसरी पाळी असली की मी घरी येईपर्यंत ती झोपलेली असते. पण रविवारी ओट्याला टेकून उभी राहते, एकेक घावन उभ्यानंच खाते आणि बोलत राहते. तवा सावकाश आहे, एकेका घावनाला तीन मिनिटं लागतात, हे कोणाला गैरसोयीचं वाटेल. मला ती तीन मिनिटं हवी असतात.

आता तीस वर्षांची गोष्ट. आमचे आप्पा, म्हणजे वडील, मोल्डर होते, मातीचे साचे करणारे. तेव्हा बीड वितळवायला कपोला भट्टी होती, कोकवर चालणारी. मालकाच्या परवानगीनं त्यांनी आईसाठी एक तवा ओतून आणला होता. उरलेल्या मातीत साचा दाबून, इंजिनाचा माल ओतून झाल्यावर तळाला राहिलेल्या रसाचा, म्हणजे वितळलेल्या बिडाचा. आई त्यावर सगळं करायची. मी सहावीत असताना एका सकाळी आईला मदत म्हणून गरम तवा उचलला आणि नळाखाली धरला. टण्ण असा आवाज झाला आणि तव्याचे दोन तुकडे झाले. आई काही बोलली नाही, खाली बसली. मी आप्पांची वाट बघत दिवसभर जेवलो नाही.

रात्री आप्पांनी मला जवळ घेतलं. तुकडा बल्बखाली धरला. “बघ बाळा, आत कसा रंग दिसतोय?” मी म्हटलं, राखाडी. “म्हणून ह्याला ग्रे म्हणायचं. आत ग्राफाइटच्या पाकळ्या असत्यात. लोखंड वाकतंय, बीड वाकत नाही, फुटतंय. गरम असताना गार पाणी लागलं की वरचं आक्रसतंय आणि आतलं तसंच राहतंय. तुझी चूक नाही, तुला कुणी सांगितलं नव्हतं.” दुसऱ्या दिवशी ते दोन्ही तुकडे पिशवीत घालून कामावर गेले. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, भट्टीत टाकले, आता इंजिनाच्या कुठल्यातरी भागात असतील. आमच्या धंद्यात फुटलेलं बीड वाया जात नाही, पुन्हा वितळतं. मला मात्र तेव्हा ते रडायला पुरेसं होतं. त्यानंतर घरात बिडाचं भांडं आलं नाही. आईनं कधी मागितलं नाही आणि मी आणायचं धाडस केलं नाही.

आज आमच्याकडे विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आहे. रस ओतण्याआधी कार्बन, सिलिकॉन मोजून घेतात. मीच ते आकडे बघतो, कार्बन साधारण सव्वातीन ते साडेतीन टक्के. तरीही कुठलं कास्टिंग फुटून आलं की मी तुटलेला भाग उजेडाकडे धरून आधी रंग बघतो.

तव्याकडे परत येतो. जुलैत आम्ही आठ दिवस कणकवलीला गेलो. कोल्हापूरचा पाऊस, बंद घर, आणि तवा ओट्याखाली पुसून ठेवलेला, पण तेल न लावलेला. परत आलो तर लाल गंज. भांड्यांची तारेची घासणी, जाडं मीठ आणि तेलाचे थेंब घेऊन चोळला, धुतला, गॅसवर कोरडा केला, पुन्हा दोनदा मुरवला. एका संध्याकाळीत मूळ रूपावर आला. नॉनस्टिकचा थर एकदा खरवडला की तो तवा टाकावाच लागतो. शिवाय तो थर २६०° सेल्सिअसच्या वर बिघडायला लागतो, म्हणून रिकामा तापवायचाही नाही. बिडाला तशी भीती नाही.

रोजचं धुणं असं: तवा कोमट होईपर्यंत थांबायचं, मग कोमट पाणी आणि मऊ घासणी. थोडा साबण लागला तरी बिघडत नाही. पण भिजत ठेवायचा नाही, लगेच गॅसवर मिनिटभर कोरडा करायचा आणि थेंबभर तेल पुसून घ्यायचं. टोमॅटो, चिंच, कोकम यांचं काही त्यावर शिजवायचं नाही. आंबट पदार्थ मुरवलेला थर खातो, पदार्थाला लोखंडी चव येते आणि रंगही काळपट होतो. बांगडा उत्तम भाजला जातो, पण पुढच्या दोन घावनांना वास राहतो, म्हणून मासे आम्ही जुन्या लोखंडी तव्यावर करतो. भाकरीही तिथेच. वरून लावलेलं पाणी आणि सांडणारं पीठ यांनी थर लवकर झिजतो, हे मी दोन आठवडे करून बघितलं. इंडक्शनच्या शेगडीवर तवा चालतो, फक्त काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. मूठ तापते. थोरलीला ऑगस्टमध्ये बोटावर चांगलाच चटका बसला, तेव्हापासून मुठीला जाड फडकं बांधूनच ठेवतो.

ज्या घरात भांडं सिंकमध्ये टाकून झोपायची सवय आहे, तिथे हा तवा नेऊ नका, महिनाभरात तो माळ्यावर जाईल. ज्या घरात रात्री तो पुसणारं एक माणूस आहे, त्यांनी जरूर घ्यावा. आमच्याकडे ते काम माझं.

आई आता पंच्याहत्तरीला आली आहे. मे महिन्यात तवा घरी आणला तेव्हा तिनं हात लावून बघितला, बोटानं वाजवला, आणि म्हणाली, “आवाज चांगला आहे. पण मला न्हाई उचलायचा हा.” मनगटं दुखतात तिची. तिला अजून स्वतःच्या हातानं घावन करायचं असतं, ओट्याशी उभी राहते, पण तवा उचलायचा म्हटलं की माझ्याकडे बघते. म्हणून परवा फौंड्रीतल्या पॅटर्नवाल्याकडे आठ इंची तव्याचं लाकडी पॅटर्न, म्हणजे मातीत साचा दाबायचा नमुना, करायला टाकलं आहे, दोन्ही बाजूंना कान असलेलं. साहेबांची परवानगी घेतली आहे. जाडी साडेतीन मिलिमीटर ठेवली तर वजन किलोच्या आसपास बसेल, फक्त काठ पांढरे पडू नयेत म्हणून रसात सिलिकॉन थोडं वर ठेवावं लागेल. पुढच्या महिन्यात ओतायचा आहे.