सेंट ज्यूड्स, कॉटन ग्रीन: सात महिने राहून सांगते

लेकीला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि आम्ही परभणीहून दोन पिशव्या घेऊन परळला आलो. पहिले नऊ दिवस एका लॉजवर काढले. संडास सगळ्यांत एक, अन् केमोने पोरीच्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. संसर्गाच्या भीतीने जीव मुठीत धरून होते. मग टाटा हॉस्पिटलातल्या समाजसेविका ताईंनी सेंट ज्यूड्सचं नाव सुचवलं. कॅन्सरच्या उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांना आईबापांसकट ठेवून घेणारी, २००६ पासूनची ही संस्था राहायचा एक रुपया घेत नाही. प्रत्येक कुटुंबाला वेगळी जागा, आपापली शेगडी, कोरडा शिधा, दवाखान्यात न्यायला गाडी. स्वच्छतेचे नियम कडक, आणि ते तसेच हवेत.

एकदा पहाटे चारला ती म्हणाली, "आई, मऊ भात." तोंड आलेलं, तीन दिवस घास नव्हता. तिथंच उठून कुकर लावला. चार चमचे खाल्ले तिने, पाचवा स्वतः मागितला.