प्रीसाइस, ओपनफोम, कॅल्क्युलिक्स: काही महिने वापरल्यानंतर

वाहता द्रव आणि त्याच्या जोराने हलणारा घन भाग यांचं संगणकावर एकत्र गणित करायला प्रवाहासाठी ओपनफोम, घन भागासाठी कॅल्क्युलिक्स आणि दोघांना जोडायला प्रीसाइस, हा सॉफ्टवेअरचा संच गेले काही महिने रोज वापरतो आहे. तिन्ही मोफत आणि मुक्त स्रोत. इन्स्टॉलेशनला वेळ लागतो, पण तो एकदाच. बाउंडरी कंडिशन, म्हणजे सीमांवर वेग, दाब वगैरे काय असेल ते, ठरवायला मात्र प्रत्येक केसला नव्याने बसावं लागतं.

नेहमीची वाटणी अशी: घन भाग विस्थापन पाठवतो, प्रवाह त्याला बल परत देतो. इंटरफेसवर, म्हणजे द्रव आणि घन जिथे भिडतात तिथे, वेगासाठी 'नो-स्लिप' (ओपनफोममध्ये भिंतीपाशी वेग शून्य) ठेवलं तर भिंत सरकते आणि तिला लागून असलेलं पाणी जागच्या जागी राहतं. तिथे 'मूव्हिंग वॉल व्हेलॉसिटी' (पाण्याला सरकत्या भिंतीचाच वेग)च हवं. ते नसलं तरी रन बिनबोभाट पूर्ण होतो, फक्त उत्तर चुकतं. म्हणून कोणाचीही केस हातात आली की मी आधी वेगाची फाइल उघडून तेवढी ओळ बघतो. घनतेचंही तसंच. असंपीड्य, म्हणजे दाबाने घनता न बदलणाऱ्या, द्रवाच्या सॉल्व्हरमध्ये (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) ओपनफोमचा दाब घनतेने भागलेला असतो, त्यामुळे अडॅप्टरला (ओपनफोमला प्रीसाइसशी जोडणारा भाग) घनता वेगळी सांगावी लागते.

सेटअप पारखायला टुरेक-ह्रोन बेंचमार्कइतकं, म्हणजे ज्याची उत्तरं आधीच माहीत आहेत अशा चाचणीइतकं, चांगलं काही नाही. 2.5 मीटर लांब, 0.41 मीटर उंच चॅनल, त्यात सिलिंडर आणि त्यामागे 0.35 मीटरची लवचीक पट्टी. इनलेटचा वेग पहिल्या 2 सेकंदांत कोसाइनच्या वक्राने हळूहळू चढवायचा असतो. ही पायरी गाळू नका. पूर्ण वेग एकदम सोडला की दाबाचा धक्का थेट पट्टीवर येतो. त्यातल्या तिसऱ्या केसमध्ये द्रव आणि घन यांची घनता सारखीच आहे. इथे एक्स्प्लिसिट कपलिंग (प्रत्येक टाइम स्टेपला एकदाच देवाणघेवाण) टिकत नाही, आणि टाइम स्टेप कमी केल्याने तर ते आणखी बिघडतं, कारण पट्टीसोबत हलणाऱ्या पाण्याचं वस्तुमान तिच्यावर भारी पडतं. इम्प्लिसिट कपलिंग (दोन्ही बाजू जुळेपर्यंत त्याच स्टेपमध्ये पुन्हा पुन्हा इटरेशन) आणि ते लवकर जुळवणारी क्वासी-न्यूटन पद्धत लावली की गाडी रुळावर येते. प्रीसाइसमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

एका प्रकारच्या केसला मात्र हा संच सरळ लावू नये. असंपीड्य द्रव चहूबाजूंनी बंद, एका इनलेटमधून ठरलेला प्रवाह आत येतोय आणि फुगा फुगतोय, अशी केस असेल तर सगळ्या सीमांवर वेगच दिलेला असतो. आत आलेलं आकारमान आणि भिंतीने दिलेली जागा प्रत्येक इटरेशनला जुळत नाही, आणि दाबाची पातळी ठरवायला काहीच उरत नाही. शक्य असेल तिथे इनलेटवर वेगाऐवजी दाब द्या, नाहीतर इंटरफेसवर रॉबिन कंडिशन (वेग आणि बल यांची मिळून एक अट) घेता येईल असा सॉल्व्हर शोधा.