कोकणच्या खाऱ्या पाण्यात कुठलं वल्हं टिकतं?

कयाक (दोन टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची लहान होडी) घेताना माणूस होडीचा रंग बघतो, लांबी बघतो, बसून बघतो आणि वल्हं मात्र दुकानदार हातात देईल ते घेतो. खर्चाचा क्रम उलटा हवा. होडीचं वजन पाणी पेलतं. वल्ह्याचं वजन आपल्या खांद्यांना पेलायचं असतं, तेही तासन्‌तास.

साध्या, न दमवणाऱ्या चालीत मिनिटाला पन्नासेक फटके पडतात, म्हणजे तासाला ३,०००. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकची पाती असलेलं स्वस्त वल्हं ११०० ते १३०० ग्रॅम भरतं. फायबरग्लासचं ८०० ते ९५०, पूर्ण कार्बन फायबरचं ६५० ते ७५० च्या घरात. ३५० ग्रॅमचा फरक धरला तर तासाभरात टनाच्या वर जास्तीचं वजन उचललं जातं. दर फटक्याला सगळं वल्हं उचललं जात नाही हे मान्य, पण निम्मं धरलं तरी पाच क्विंटल होतात. त्यातही वजन कुठे आहे हे बघायचं. मधल्या दांड्यातले शंभर ग्रॅम कळत नाहीत, पात्याच्या टोकाकडचे शंभर ग्रॅम संध्याकाळी मानेला कळतात.

एवढं सांगूनही कोकणासाठी आमची पहिली पसंती पूर्ण कार्बनला नाही. कारण कालवं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचे खडक, निवतीची खडपं, हर्णैच्या बाजूचा कातळ, खाडीत कांदळवनाच्या मुळांवर चिकटलेली शिंपल्यांची धार, या सगळ्यात उथळ पाण्यात वल्हं टेकवलं जातंच. टेकवू नये हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि लाट मागून आली की सगळे टेकवतात. कार्बनचं पातं ओढायला कडक आणि हलकं, पण कडेला ठोकर बसली की टवका उडतो, थर सुटायला लागतात, त्यात खारं पाणी शिरतं. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या पात्याचा अशा वेळी फार तर किसल्यासारखा तुकडा निघतो. पॉलिश पेपरने कड साफ केली की काम चालू.

म्हणून हिशोबी निवड म्हणजे दांडा फायबरग्लासचा किंवा कार्बनचा आणि पाती काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची. वर्नर कंपनीचं स्कॅगिट किंवा अ‍ॅक्वा-बाउंडचं स्टिंग रे ही या जातीची वल्ही. वर्नरचंच कामानो हे फायबरग्लासच्या पात्यांचं, त्याहून हलकं आणि फारच गोड चालणारं. पण अमेरिकेतच ते महाग पडतं, वर कुरियर आणि कस्टम. पुळणीवरूनच पाण्यात उतरणारे आणि खडकांपासून लांब राहणारे असाल तरच त्या पैशांचं चीज होईल. मागवायचंच तर चार तुकड्यांचं घेण्याचा मोह होतो, कारण ते बॅगेत मावतं. पण चार तुकडे म्हणजे तीन सांधे, आणि सांधा हीच या किनाऱ्यावरची खरी कटकट.

नायलॉनच्या पात्याची परीक्षा दुकानातच होते. पात्याचं टोक जमिनीवर टेकवून दांड्यावर हलकासा भार द्या. पातं धनुष्यासारखं वाकलं तर पाण्यात ते फडफडणार आणि तुमची निम्मी ताकद त्या वाकण्यात जाणार. काचतंतू असलेलं पातं थोडंच दबतं आणि लगेच सरळ होतं. नुसत्या पॉलिप्रॉपिलीनचं पातं उन्हात वर्ष-दोन वर्षं पडलं की पांढुरकं, खडूसारखं होतं आणि मग एक दिवस कडेपासून तडकतं. रंग पिवळा किंवा भगवा घ्या. काळं पातं फोटोत रुबाबदार दिसतं, पण ट्रॉलरच्या तांडेलाला लांबून दिसते ती वर-खाली होणारी पाती. होडी तर लाटेआड गेलेली असते.

ऑनलाइन बाजारात ‘कार्बन’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त वल्ह्यांपासून सावध. वर कार्बनचा एक थर किंवा नुसता छापील नक्षीचा कागद आणि आत साधं फायबरग्लास, असं सर्रास असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ९०० ग्रॅमच्या पुढे गेलं तर किंमत फायबरग्लासचीच द्यावी.

अ‍ॅल्युमिनियमला मात्र उगाच नावं ठेवू नयेत. तारकर्ली-देवबागला तासावर भाड्याने मिळतात ती बहुतेक हीच. डेकॅथलॉनच्या इटिविट ब्रँडची नवशिक्यांसाठीची वल्हीही याच वर्गातली. लांबी बदलता येणारं घेतलं तर घरातल्या सगळ्यांना एकच वल्हं चालतं. खाडीतल्या दोन तासांच्या फेरीला ते पुरे आहे, आणि पुढे चांगलं घेतलं की हेच होडीच्या पाठीवर दोरीखाली अडकवून राखीव म्हणून नेता येतं. त्याच्या खोडी आधीच माहीत असाव्यात. उघडा दांडा तळवे काळे करतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात होडीवर पडून राहिला तर धरवत नाही. प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्यावा. पातं दांड्याला रिव्हेटने बसवलेलं असेल तर रिव्हेटभोवती पांढरी पूड दिसते का बघा, तो गंज आहे. हलवल्यावर टक्‌टक्‌ आवाज आला तर ते पातं मोसम काढणार नाही. दांड्याच्या आतली फोमची बुचं सुटली असतील तर आत पाणी भरतं आणि हातातून सुटलेलं वल्हं तळाला जातं. घेतल्या घेतल्या एकेक तुकडा टाकीत दहा मिनिटं दाबून धरा. बुडबुडे आले तर बदलून घ्या.

आता सांधा. दोन तुकड्यांचं वल्हं मध्ये एकमेकांत बसतं आणि बटणाने किंवा खटक्याने अडकतं. बटणामागची स्प्रिंग साध्या पोलादाची असेल तर दोन-चार आठवड्यांत ती तांबूस होते, बटण आत गेलं की वर येत नाही. स्टेनलेसची आहे का ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर लोहचुंबक लावून बघा. चांगल्या प्रतीचं स्टेनलेस सहसा फारसं ओढलं जात नाही. याहून मोठा शत्रू म्हणजे पुळणीवरची बारीक रेती. ती सांध्यात गेली की वल्हं जोडताना करकर वाजतं आणि सुकल्यावर मीठ-रेतीचा लगदा त्याला घट्ट धरून ठेवतो. कार्बनच्या दांड्याला अ‍ॅल्युमिनियमचा सांधा असेल तर जास्तच वाईट, कारण हे दोन पदार्थ खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं.

उपाय साधा आणि रोजचा. किनाऱ्यावर आलं की तिथल्या तिथे वल्हं सोडवायचं, दोन्ही तोंडं गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायची, फडक्याने पुसायची आणि तुकडे वेगळे ठेवायचे. जोडलेलं वल्हं गाडीच्या टपावर बांधून घरी नेणाऱ्यांचीच वल्ही अडकतात. सांध्याला खोबरेल, ग्रीस काही लावू नका. तेलाला रेती चिकटते. अडकलंच तर बाहेरच्या नळीवर कढत पाणी ओता, ती किंचित फुगते. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून प्रत्येकाने सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हात धरायचा आणि पिळत ओढायचं. दोघांनी दोन टोकांना धरून रस्सीखेच केली तर सुटल्यावर दोघेही पाठीवर पडतात आणि पातं कोणाच्या तरी तोंडावर बसतं.

लांबी ठरवताना उंचीपेक्षा होडीची रुंदी महत्त्वाची. ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदीच्या निमुळत्या सी-कयाकला २१० ते २२० सेंटिमीटर. हवा भरून फुगवायची किंवा आत न शिरता वर बसायची दोघांची होडी ७५ ते ८५ सेंटिमीटर रुंद असते, तिला २३० ते २४०. होडीत बसून पातं पुरतं पाण्यात जाईल असा फटका मारा. बोटांची पेरं कडेला घासली तर वल्हं आखूड आहे. पातं बुडूनही हात उगाच लांब राहत असेल, दर फटक्याला होडीचं नाक डावी-उजवीकडे हलत असेल तर लांब आहे. दांडा साधारण तीन सेंटिमीटर जाडीचा असतो. लहान हातांसाठी बारीक दांडाही मिळतो, तो मुद्दाम मागून घ्यावा. जाड दांडा आवळून धरला की मनगटाच्या वरची शीर सुजते.

पात्याचं क्षेत्रफळ सहाशे-साडेसहाशे चौरस सेंटिमीटर पुष्कळ झालं. मोठं पातं जोर करणाऱ्यांना आवडतं आणि दोन तासांनी त्यांनाच नको होतं.

दोन पाती एकमेकांशी किती कोनात फिरवायची हा वाद वाऱ्यावर सुटतो. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि दुपारनंतर वायव्येकडून चांगलाच दाबतो. म्हणजे देवबागहून मालवणला किंवा कर्देहून सुवर्णदुर्गाकडे, उत्तरेला जाताना दुपारी वारा बहुधा तोंडावर. त्या वेळी हवेतलं पातं सपाट समोर आलं तर वारा त्याला मागे ढकलतो. ३० ते ४५ अंश फिरवलं की ते कडेने वारा कापत जातं. पण आडव्या वाऱ्यात तेच पातं खालून पकडलं जातं आणि वर उचललं जातं, त्यामुळे तिथे कोन शून्यावर आणावा. ६० अंशांत दर फटक्याला मनगट जास्त पिळावं लागतं. कोन बदलता येणारा सांधा घ्या, पंधरा-पंधरा अंशांच्या खाचांचा असला तर उत्तम. पहाटेच्या मतलईचा एक फसवा गुण: किनाऱ्याशी पाणी आरशासारखं असतं, जाताना होडी आपोआप पुढे जाते आणि परत फिरल्यावर कळतं की वारा मघापासून आपल्याला बाहेर ढकलत होता.

वारा फारच होत असेल तर ग्रीनलंडच्या पद्धतीचं लाकडी वल्हं बघावं. पाती जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर रुंद, वारा त्यांना पकडत नाही. ते कोकणातला कुठलाही होड्या बांधणारा सुतार करून देईल. माप असं: पसरलेल्या दोन हातांची लांबी अधिक कोपरापासून बोटांपर्यंतचा हात, बहुतेकांचं २१० ते २२० भरतं. मधली पकड ४५ ते ५५ सेंटिमीटर. साग टिकाऊ पण जड. शिवण हलकं आणि पिळ न घेणारं. लाकूड बिनगाठीचं, सरळ रेषांचं हवं, गाठ असेल तिथेच मोडतं. वर जवसाच्या तेलाचे तीन-चार हात. व्हार्निश नको, हात घसरतो आणि फोड येतात. भरभर जायला हे वल्हं नाही, पण दिवसभर चालवलं तरी खांदा तक्रार करत नाही.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. जीवरक्षक जॅकेट ५० न्यूटनचं, आयएसओ १२४०२-५ छापलेलं, बगला मोकळ्या आणि पाठीचा खालचा भाग जाळीचा. बोटीवर वाटतात ती मोठ्या कॉलरची भगवी जॅकेट पोहता न येणाऱ्यांसाठी ठीक, पण त्यात हात फिरत नाही. घालून सगळे पट्टे आवळा, मग दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. हनुवटीला लागलं तर माप मोठं आहे. धातूची चेन मिठाने अडकते, प्लॅस्टिकची घ्या. इथलं पाणी २६ ते ३० अंशांचं, वेटसूट लागत नाही. पाय आत घालून बसायच्या बंद होडीला स्प्रेस्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेभोवती बसणारं आवरण) घेतलाच तर नायलॉनचा, निओप्रीनमध्ये कंबर भाजून निघते. शिट्टी जॅकेटला बांधलेली हवी आणि फोन तरंगणाऱ्या पाऊचमध्ये. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर त्यात आधीच साठवलेला असावा.

वल्हं होडीला बांधून ठेवणारी दोरी खुल्या पाण्यात जरूर लावा. उलटल्यावर होडी आणि वल्हं वाऱ्याने दोन दिशांना जातात आणि पोहून दोन्ही मिळत नाहीत. मात्र लाटांतून पुळणीवर येताना ती सोडून ठेवा, फुटत्या लाटेत हीच दोरी पायात किंवा मानेत अडकते. रापणीची (किनाऱ्यावरून ओढायची) जाळी लागलेली असतील तिथेही सोडलेलीच बरी.

मेअखेरीला होड्या वर ओढल्या की वल्ह्याचे तुकडे सुटे करून, धुऊन, पुसून सावलीत आडवे टांगावेत. भिंतीला तिरकं टेकवून तीन-चार महिने ठेवलेलं नायलॉनचं पातं कायमचं वाकतं. पडवीत ठेवणार असाल तर पकडीवरचं फोम उंदरांना फार आवडतं, तेवढं काढून आत न्या.